साताऱ्यात शिवून घेतलेलं बारा बोअर बंदुकीचं कव्हर – साडेतीन स्टार, दीड कुठं कापला ते वाचा

फौजेतून रिटायर होऊन आता बँकेवर गनमॅन म्हणून ड्युटी करतोय. हत्यार स्वतःचं, लायसन स्वतःचं, बारा बोअर डबल बॅरल, तीस इंची नळी. घर कोरेगाव साइडला आणि बँक साताऱ्यात, म्हणजे रोज बंदूक पाठीवर टाकून मोटारसायकल. मोबाईलच्या कव्हरचे रिव्ह्यू ढिगानं मिळतील पण बंदुकीच्या कव्हरचा मराठीत एक मिळत नाही, आणि सातारा जिल्ह्यात तर घराघरात फौजी, अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, रिटायर झाला की निम्मे लोक सिक्युरिटीलाच जातात, तरी कुणी लिहित नाही. म्हणून मी लिहितोय, लांब होणार आहे. ज्यांना फक्त किंमत पाहिजे त्यांनी सरळ शेवटाला जावा.

दुकान मोती चौकाच्या मागच्या अंगाला गल्लीत आहे. नाव टाकत नाही कारण दुकानाचे मालक, आमचे काका, त्यांनीच सांगितलं टाकू नको, आहेत त्या ऑर्डरी पेलत नाहीत. पट्टे, पाकिटं, घोड्याचं थोडंफार सामान, आणि गनमॅन लोकांची कव्हरं. विचारत गेलात तर कुणीही दाखवेल, बाहेर जुन्या पट्ट्यांचा गुच्छ टांगलेला असतो.

आधीचं कव्हर ऑनलाइन मागवलं होतं, काळं, फोमवालं, फोटोत एकदम कमांडो टाइप. एक पावसाळा काढला आणि संपलं. साताऱ्याचा पाऊस त्या डिझाइनवाल्यानं बघितलेला नसणार. फोम पाणी पितो ते चार दिवस सोडत नाही आणि आतल्या आत नळीला तांबेरा धरतो, रोज चिंदी मारली, तेल दिलं तरी सकाळी बोट फिरवलं की लाल. वर लांबी कमी, दस्त्याकडनं आत बसवली की तोंडाकडं चेन लागायची नाही, दोन बोटं नळी बाहेर. आता लोकांना वाटतं दोन बोटांनी काय होतंय, तर होतंय, तेच सांगायचंय.

आपल्याकडं 2016 चे आर्म्स रूल्स आहेत, त्यात सरळ लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये नाहीतर कव्हरमध्ये पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे, आणि नेणाऱ्याचा त्यावर नीट ताबा पाहिजे. पूर्ण झाकलेलं. अर्धं नाही, दस्ता बाहेर असं नाही, गाडीच्या साइडला बंजी दोरीनं बांधलंय असं तर अजिबात नाही कारण मग ताबा कसला. सार्वजनिक ठिकाणी परजायला, मिरवायला बंदी तिथंच लिहिलेली आहे. म्हणजे लायसन असलं म्हणून कमरेला उघडं लावून साताऱ्याच्या राजपथावर फिरता येतं हा जो समज आहे तो डोक्यातनं काढा. बँकेच्या दारात ड्युटीवर हातात असते ती गोष्ट वेगळी, घर ते बँक रस्त्यावर ती झाकलेलीच पाहिजे. त्यामुळं कव्हरच्या रिव्ह्यूत माझ्या लेखी पहिला मार्क दिसण्याला नाही, झाकतं का याला.

तर काकांचं कव्हर. माप द्यायला बंदूक घेऊन या म्हणाले. दुकानात ठेवून जायचा विषयच नव्हता, लायसन माझ्या नावावर आहे तर हत्यार माझ्याच ताब्यात राहणार, आणि मला बरं वाटलं की हे काकांनी स्वतःच आधी सांगितलं, "पाहुणं, ठेवायची नाय हं हितं, माप घेतो अन् घेऊन जावा." मोडून, म्हणजे सांध्यात वाकवून, चेंबर उघडून दाखवली, त्यांनी वाकून दोन्ही भोकं बघितली आणि मगच हात लावला. मग जोडून पुठ्ठ्यावर आडवी ठेवून पेन्सिलनं कडंनं रेघ मारून घेतली, खटक्याच्या कडीपाशी आणि दस्त्याच्या उताराला जास्तीचं माप सोडलं, पुठ्ठा रापीनं कापला आणि माझं आडनाव टाकून खिळ्याला अडकवला. भिंतीवर असे कितीतरी पुठ्ठे आहेत, ठासणीच्या बंदुकांचे पण, पिवळे पडलेले. काकांचे वडील हेच करायचे म्हणे.

बाहेरनं म्हशीचं जाड कातडं, शिलाई हाताची, दोऱ्याला मेण, दोन सुया समोरासमोर चालवतात ती शिलाई. तोंडाच्या टोकाला आत कातड्याची डबल टोपी बसवलीय, नळी तिच्यात जाऊन टेकते त्यामुळं टोक फाटायचा विषयच नाही. दस्त्याकडनं झाप आहे, झापावर पितळी बक्कल. झाप लावली की बंदुकीचा एक इंच दिसत नाही. पट्टा रुंद, खांद्यावरनं तिरका पाठीवर, मोटारसायकलवर खड्ड्यातनं गेलो तरी घसरत नाही. ताबा जो म्हणतात तो हा. इथं पाच पैकी पाच.

खरा जीव मात्र कप्प्यात आहे. झापेच्या आतल्या अंगाला लायसनच्या पुस्तकाच्या मापाचा कप्पा, वर टिचबटण. हे मी सांगून करून घेतलं नाही, काका सगळ्यांनाच करून देतात. झाप उचलली की लायसन हातात, बंदुकीला हात लावायची गरजच पडत नाही. काडतुसांचं पाऊच वेगळं, कमरेच्या पट्ट्यात, त्यात खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं दहा बसतात. काडतूस आणि बंदूक एका कव्हरमध्ये ठेवणारे पण बघितलेत, मी तरी ठेवत नाही, नाकाबंदीत समोरच्या पोलीस पोराच्या तोंडावरचा रंग बघितला की कळतं का ते.

नाकाबंदीचं बोलतो आता कारण कव्हरची परीक्षा तिथंच होते. वाढे फाटा म्हणा, बॉम्बे रेस्टॉरंट चौक म्हणा, हायवेला आनेवाडी, तासवडे टोलनाका म्हणा, रात्री बॅरिकेड लावलं की पाठीवर लांबडं काही दिसलं की हात होतो. व्हायलाच पाहिजे, मी ड्युटीवर असतो तर मी पण केला असता. आर्म्स अॅक्ट 1959 चा आहे, त्याचं कलम 19 काय म्हणतं तर हत्यार नेणाऱ्या कुठल्याही माणसाला कुठलाही पोलीस अधिकारी लायसन दाखवा म्हणू शकतो. तुमच्यावर संशय असायला पाहिजे, तुम्ही काही केलेलं असायला पाहिजे असं काही नाही. हत्यार आहे, दाखवा. त्यामुळं "मला का थांबवलं" ही हुज्जत तिथं घालून काही उपयोग नाही, ती घालायची जागा ती नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. गाडी साइडला, इंजिन बंद, हेल्मेट काढायचं, दोन्ही हात हँडलवर, आणि त्यांनी विचारायच्या आधी आपण बोलायचं. "साहेब, पाठीवर लायसनची बंदूक आहे, रिकामी आहे, बँकेवर ड्युटीला असतो. झापेत लायसन आहे, काढू का?" काढा म्हटलं की मगच हात. बाहेर काढून दाखवा म्हणाले तर कव्हरसकट उतरवून द्यायचं, तोंड जमिनीकडं, आणि "मोडून दाखवतो" असं सांगून त्यांच्या समोर उघडायची. हा सगळा कार्यक्रम जुन्या कव्हरला नको वाटायचा कारण लायसन शर्टाच्या आत, बंदूक चेनमध्ये अडकलेली, पोलीस बॅटरी मारून उभा आणि आपण खिसे चाचपतोय, लांबनं बघणाऱ्याला काय वाटत असेल. आता झाप, टिचबटण, पुस्तक. पुस्तकात लिहिलेला बंदुकीचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर ताडून बघितला की "जावा". एकदा एका हवालदारसाहेबांनी तर कव्हर कुठनं शिवलं म्हणून पत्ता लिहून घेतला.

आमच्या एजन्सीतल्या एकाचं वेगळं झालं, ते सांगतो कारण त्यातनं कलम नीट कळतं. त्याच्याकडं लायसनची झेरॉक्स, मूळ पुस्तक घरी ट्रंकेत, भिजेल म्हणून. रात्री थांबवलं. झेरॉक्स चालणार नाही म्हणाले. कलमात असं आहे की लायसन दाखवता आलं नाही तर अधिकारी नाव-पत्ता विचारू शकतो आणि त्याला गरज वाटली तर हत्यार जप्त करू शकतो. नाव-पत्ता सांगायला नकार दिला, खोटा दिला असा संशय आला, किंवा पळून जाईल असं वाटलं, तर मग वॉरंटशिवाय अटक. म्हणजे ही पायऱ्या-पायऱ्यांची गोष्ट आहे, लायसन जवळ नाही म्हणजे डायरेक्ट लॉकअप असं नाही, आणि तोंड बंद ठेवून उभं राहणं हा पण शहाणपणा नाही. ह्यानं नाव-पत्ता, एजन्सी, शाखा सगळं व्यवस्थित सांगितलं, बंदूक पोलीस ठाण्यात गेली, हा घरी. सकाळी पुस्तक घेऊन गेला, पडताळणी, अर्ज, जबाब करत दुपार उलटली. जप्तीचा कागद मागून घेतला होता, त्यावर बंदुकीचा नंबर, मेक, काडतुसं किती सगळं लिहिलेलं, म्हणून नंतर काडतुसांच्या हिशोबावरनं वाद झाला नाही. हा कागद मागायचा. हक्क आहे तो आपला, आवाज न चढवता मागायचा. आणि समजा अटकेपर्यंत गेलंच तर कारण सांगायला लागतं, घरच्यांना कळवायला लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला लागतं, हे घटनेच्या 22 व्या कलमापासून ते आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेपर्यंत सगळीकडं आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे हे पण आहे.

त्या भाऊचं कव्हर ऑनलाइनवालंच होतं, कप्पा नसलेलं. आता काकांकडं नंबर लावून बसलाय.

दीड स्टार कुठं गेला ते आता. अर्धा चेनला. काडतुसांच्या पाऊचला काकांनी बाजारातली साधी चेन लावली, पावसाळ्यात अडकली, मेणबत्ती घासली तर थोडी हलली पण भरोसा नाही. पितळेची लावून द्या म्हटलं तर म्हणाले आधी सांगायचं. आधी विचारायचं का नाही तुम्ही? आतलं अस्तर पण मखमल लावलंय, दिसायला राजेशाही, पण मखमल ओल धरते. कोतमध्ये, म्हणजे फौजेच्या हत्यारखान्यात, वर्षं काढलेल्या माणसाला हे बघवत नाही. फलालीन लावा, त्याला हलकं तेल चोळता येतं. तसंही कातड्याच्या कव्हरात बंदूक रात्रभर ठेवायचीच नसते, घरी गेलं की बाहेर काढायची, पुसायची, रंगून तेलाचा, म्हणजे बंदुकीच्या तेलाचा, हात मारायचा, कातडं कमवताना वापरलेलं मीठ आणि रसायनं लोखंडाला लागतात. नवीन लायसनवाल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आणि एक स्टार अख्खा कापलाय तो काकांच्या पोरासाठी. पोरगा चांगला आहे, हुशार आहे, पण दुकानाच्या पुढच्या बाजूला त्यानं काचेत उघडी होल्स्टर टांगलीत. पिस्तुलाचा खालचा निम्मा भाग झाकणारी, मूठ पूर्ण बाहेर, मांडीला बांधायची पण आहेत. रिव्हॉल्व्हरचं लायसन असलेले गुंठामंत्री येतात, शर्ट खोचून त्यावर लावून आरशात बघतात आणि घेऊन जातात. मी असताना एकानं विचारलं, "हे असं बाहेरनं लावलं तर चालतंय ना?" आणि पोरगं म्हणतंय, "लायसन आहे ना, मग काय, अमेरिकेत तर सगळेच लावतात."

अमेरिकेचं घेऊया. माझा भाचा ओहायोत असतो, त्याच्याकडनं ऐकलं आणि मग वाचलं पण. तिथं त्या राज्यात कमरेला उघडी बंदूक लावून फिरणं कायदेशीर आहे. 2010 मध्ये टोलेडो शहरात एक माणूस घरच्यांना आणि कुत्र्याला घेऊन संध्याकाळी फिरत होता, कमरेला पिस्तूल, उघडं. एकानं फोन केला, पोलीस आला, पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घालून गाडीत बसवलं. तो माणूस कोर्टात गेला आणि 2015 मध्ये तिथल्या अपील कोर्टानं त्याच्या बाजूनं सांगितलं की उघडं बाळगणं जर कायद्यानं चालतं, तर नुसतं ते दिसलं हा संशयाचा आधार होऊ शकत नाही, अडवायला आणखी काहीतरी पाहिजे. आता हे वाचून इथला गुंठामंत्री साताऱ्यात पोवई नाक्यावर पोलिसाला सांगायला लागला तर काय होणार? तिथं बंदूक हा घटनेतला हक्क आहे, 1791 पासूनचा. आपल्याकडं ती कलेक्टर ऑफिसनं अटी घालून दिलेली परवानगी आहे, आणि दाखवा म्हणायचा अधिकार कायद्यानंच पोलिसाला दिलाय. तिकडचा निकाल इकडं लावायचा म्हणजे बैलगाडीला विमानाचं तिकीट काढल्यासारखं आहे. आणि अमेरिकेत पण ते राज्याराज्यांत वेगळं आहे, सगळेच लावतात हे पण खरं नाही.

त्यात आपल्याकडं अजून भानगडी आहेत ज्या होल्स्टर विकणाऱ्यानं सांगायला पाहिजेत. जिल्ह्यात सण, मोर्चे, निकाल काही असलं की पेपरला छोटी बातमी येते, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(1) लागू. त्या काळात लाठी, तलवार, बंदूक घेऊन फिरायला बंदी, सूट कुणाला ते आदेशात लिहिलेलं असतं, तो वाचायचा आणि ड्युटीचं पत्र जवळ ठेवायचं. यात्रेत, मिरवणुकीत, सभेत, शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही हे लायसनच्या अटीतच असतं, म्हणजे पुसेगावच्या यात्रेला जाताना बंदूक घरी. लायसन कुठपर्यंत चालतं ते पण पुस्तकात बघा, जिल्हा आहे का राज्य आहे का अख्खा देश. आमचे सांगलीकडचे दोस्त मिरजेतनं म्हैसाळ ओलांडून सहज पुढं जातात, कागवाड आलं की कर्नाटक लागलं, आणि राज्यापुरतं लायसन तिथं संपलं. आणि लग्नात बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत खास कलम आलंय, आनंदात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रील बनवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

मी पोराला हे सांगितलं, काकांसमोरच. पोरगा मला म्हणाला, "काका, गिऱ्हाईक मागतंय ते विकतो, कुठं लावायचं ते त्यांचं ते बघतील." त्याचे वडील मान खाली घालून शिवत राहिले. मला हे पटलेलं नाही. मागं माणूस भिंतीवर पुठ्ठे जपतोय, बंदूक दुकानात ठेवून घेत नाही, आणि पुढं काचेत हे. निदान एक पाटी लावा की रस्त्यावर हत्यार पूर्ण झाकलेलं पाहिजे. झापवालं होल्स्टर पण काका भारी बनवतात, मूठ पूर्ण झाकणारं, तेच पुढं टांगा ना. पाटी लागली की तो एक स्टार मी परत देणार.

मामांसाठी दुसरं कव्हर टाकलंय. ते पाटणकडं, पीक संरक्षणाच्या लायसनवर ठासणीची बंदूक आहे, रानडुकरं भुईमूग नांगरल्यासारखा उकरतात. बंदूक आहे म्हणून डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नसतं, ते वन खात्याचं वेगळं प्रकरण आहे, मामा आवाज काढून पळवून लावतात. त्यांची बंदूक 2024 मध्ये लोकसभेच्या आणि परत विधानसभेच्या निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होती, गोणपाटात गुंडाळून नेली आणि गोणपाटातच परत आली, त्यात बंदुकीच्या घोड्याचा खिळा पडला. पावतीवर नुसतं "बंदूक एक" असेल तर पडलेल्या खिळ्याचं कुणाला विचारणार. त्यामुळं आता नीट कव्हर, वर कातड्यात बंदुकीचा नंबर ठोकून, आणि जमा करताना पावतीवर "कव्हरसह, सर्व भाग पूर्ण" असं लिहून घ्यायचं.

किंमत: लांब बंदुकीचं कव्हर मला कप्प्यासकट 2600 पडलं, काडतुसांचं पाऊच 450 वेगळं. निम्मे पैसे आधी. वेळ सांगतील त्यात पंधरा दिवस आपल्या मनानं मिळवा, दसऱ्याच्या आसपास गेलात तर महिनाच धरा. माप द्यायला जाताना काडतुसं घरी ठेवा, लायसनचं मूळ पुस्तक जवळ ठेवा, अस्तर फलालीनचं आणि चेन पितळेची हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि काकांशीच बोला, पोराशी नको.